अश्वारोहण-चिकित्सा : तत्त्व, पुरावा आणि मर्यादा

चालण्याची शक्ती गमावलेल्या मनुष्यास घोड्यावर बसविणे ही कल्पना प्रथमदर्शनी विपरीत वाटण्याजोगी आहे. ज्यास जमिनीवर तोल सांभाळता येत नाही, तो चालत्या जनावराच्या पाठीवर कसा सांभाळणार, असा प्रश्न सहजच उद्भवतो. तथापि या उपचाराचे मर्म याच प्रश्नात दडलेले आहे. आपल्याकडील अश्ववैद्यक म्हणजे घोड्यावर करावयाचा उपचार होय. येथे घोडा हा रुग्ण नसून उपचाराचे साधन आहे. म्हणून ‘हिप्पोथेरपी’ या पाश्चात्त्य संज्ञेस ‘अश्वारोहण-चिकित्सा’ हा शब्द अधिक यथार्थ ठरेल.

या उपचाराचा पाया घोड्याच्या कदमचालीत आहे. या चालीत चारही पाय एकामागून एक, चार ठोक्यांत पडतात आणि मागील पायांचा रेटा पाठीमार्गे स्वाराच्या कटिभागापर्यंत पोहोचतो. त्या योगे कटिभाग पुढे-मागे कलतो, डावी-उजवीकडे सरकतो आणि किंचित वळतो. मनुष्य स्वतःच्या पायांनी चालतो तेव्हाही कटिभागाची हालचाल याच तीन प्रकारे होते. मिनिटास सुमारे शंभर हेलकावे धरले, तर वीस मिनिटांच्या रपेटीत दोन हजार वेळा शरीरास तोल सावरावा लागतो. पाय स्थिर असताही धडास चालण्याचा सराव घडतो, तो असा. दुडकी वा भरधाव चालीचा येथे उपयोग नाही.

या विषयाच्या इतिहासात डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे नाव अग्रस्थानी येते. १९४४ मध्ये पोलिओमुळे त्यांच्या गुडघ्यांखालील स्नायू निकामी झाले. घोड्यावर चढण्या-उतरण्यास त्यांना इतरांचे साह्य लागे. असे असूनही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये अश्वशिक्षणाच्या स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळविले आणि १९५६ मध्ये त्या यशाची पुनरावृत्ती केली. पुढे १९६९ मध्ये ब्रिटन व अमेरिका येथे अपंगांच्या अश्वारोहणासाठी राष्ट्रीय संस्था निघाल्या. मात्र हार्टेल यांचे पाय घोड्याने बरे केले नाहीत, ही गोष्ट दृष्टिआड करता येत नाही. मांड पक्की झाली, ती धडाच्या बळावर.

संशोधनाचा निष्कर्षही याच दिशेने जातो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सेरेब्रल पाल्सी असलेली पंधरा मुले होती. त्यांपैकी काहींना आठ मिनिटे चालत्या घोड्यावर, तर इतरांना तितकाच वेळ स्थिर पिंपावर बसविण्यात आले. घोड्यावर बसलेल्या मुलांच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंच्या कार्यात अधिक समतोल दिसून आला. उलटपक्षी, २००९ च्या ऑस्ट्रेलियातील मोठ्या चाचणीत दहा आठवड्यांच्या अश्वारोहणानंतर मुलांच्या एकंदर कार्यक्षमतेत लक्षणीय फरक आढळला नाही. तात्कालिक परिणाम आणि स्थायी लाभ यांतील हे अंतर अद्याप पूर्णतः भरून निघालेले नाही.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्याच्या दृष्टीने या भेदास विशेष महत्त्व आहे. उंचीवरून पडणे, यंत्रात अवयव सापडणे, महामार्गावरील अपघात यांमुळे येणारे अपंगत्व बहुधा कर्त्या वयातील कामगारांच्या वाट्यास येते. उपरिनिर्दिष्ट अभ्यास मात्र मुलांवरील आहेत. त्यांचे निष्कर्ष कण्याच्या दुखापतीस जसेच्या तसे लागू करणे शास्त्रशुद्ध नव्हे. शिवाय कण्याच्या इजेमुळे संवेदना गेली असल्यास बैठकीखाली कातडी घासून व्रण झाला तरी रुग्णास तो कळत नाही. अस्थिर कणा, ठिसूळ हाडे, निखळलेला खुबा वा आटोक्यात नसलेली अपस्मारासारखी व्याधी असता हा उपचार वर्ज्यच समजावा.

पुनर्वसनाची परंपरा या परिसरास नवी नाही. पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. दापोडीपलीकडील खडकीस पक्षाघातग्रस्त सैनिकांचे केंद्र १९७४ मध्ये स्थापन झाले. १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेल्या मुरलीकांत पेटकर यांनी उपचार म्हणून पोहणे आरंभिले. १९७२ च्या हायडेलबर्ग येथील स्पर्धेत त्यांनी भारतास पॅरालिंपिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पुढे त्यांनी टेल्कोच्या पुणे येथील कारखान्यात नोकरी केली. पाण्याने त्यांचे पाय परत दिले नाहीत. उरलेल्या शरीराचे सामर्थ्य मात्र प्रकट केले.

अश्वारोहण-चिकित्सेस साधनसामग्री फार लागत नाही, माणसे मात्र लागतात : लगाम धरणारा मोतद्दार, दोन्ही बाजूंस एकेक मदतनीस आणि प्रत्येक हालचालीवर लक्ष ठेवणारा भौतिकोपचारतज्ज्ञ. घोडा शांत व बेताच्या उंचीचा असावा, म्हणजे मदतनिसाचा हात स्वाराच्या कमरेपर्यंत पोहोचतो. पवनेचे पाणी व इंद्रायणी ज्या भीमेस मिळतात, तिच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टू या कसोटीस कितपत उतरते, हा अभ्यासास योग्य विषय आहे.

सारांश, घोडा पायांचे काम स्वतः करतो आणि स्वाराच्या धडास त्याचे काम करावयास लावतो. याहून अधिक आश्वासन देणारा उपचारक अपंग मनुष्याची आशा उधार घेतो. ती फेडण्याचे साधन आज त्याच्यापाशी नाही.