वीज तोडण्यापूर्वीं

लिहिणाऱ्या मुलाच्या हातून पाटी अवचित काढून घेतली म्हणजे अक्षर अर्धेंच राहतें, हें आम्हीं शाळेंत पुष्कळदां पाहिलें आहे. वीज एकाएकीं गेली असतां लहान संगणकाचीहि तीच गत होते.

अमेरिकेंतील कित्येक हौशी वैमानिक ‘स्ट्रॅटक्स’ नांवाचें स्वस्त यंत्र जवळ बाळगतात. ‘रास्पबेरी पाय’ ह्या तळहाताएवढ्या संगणकावर तें चालतें, आणि इतर विमानांनीं १०९० व ९७८ मेगाहर्ट्झवर धाडलेले संदेश टिपून त्यांची जागा पडद्यावर दाखवितें. उतरल्यावर वैमानिकानें मुख्य कळ बंद केली, आणि त्याच क्षणीं मेमरी कार्डावर कांहीं लिहिलें जात असलें, तर तेथील मजकूर बिघडण्याचें भय असतें. मग पुढील उड्डाणास यंत्र सुरूच झालें नाहीं, तर जवळ येणाऱ्या विमानाची सूचना कोण देणार?

यास्तव यंत्रास प्रथम बंद होण्याची आज्ञा द्यावी. हिरवा दिवा लुकलुकावयाचा थांबला कीं मगच वीज तोडावी. परंतु घाईंत मनुष्य विसरतो. म्हणून कार्ड केवळ वाचण्यापुरतें ठेवून तात्पुरतें लिखाण संगणकाच्या चंचल स्मृतींत करवावें, हें अधिक उत्तम. वीज गेल्यास त्या दिवसाची नोंद तेवढी जाईल. मूळ पोथी शाबूत राहील.

घरांतील संगणकाविषयींहि वाचकांनीं एवढें ध्यानीं ठेवावें: आधीं त्याचें काम आटोपूं द्यावें, मग कळ बंद करावी.