'तुरळक ठिकाणी' म्हणजे नेमकं कुठे?

अंबडकडे गारा, घनसावंगीत नुसती धूळ, भोकरदनला कोरडा गडगडाट. मे महिन्याच्या उत्तरार्धातली एखादी संध्याकाळ जालना जिल्ह्यात अशी उतरते. सकाळच्या अंदाजात मात्र साऱ्या जिल्ह्याला एकच ओळ असते: तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका ते मध्यम पाऊस, ताशी 40 ते 50 किलोमीटर वेगाने वारे. ज्याच्या शिवारात थेंबही पडला नाही, तो पारावर बसून हवामान खात्याचा उद्धार करतो.

यातला 'तुरळक' हा शब्द मोघम वाटतो, पण त्यामागे हिशेब आहे. पर्जन्यमापन केंद्रांपैकी फार तर 25 टक्के केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल, तेव्हा खातं 'तुरळक ठिकाणी' म्हणतं. 26 ते 50 टक्के असतील तर 'काही ठिकाणी'. म्हणजे तुरळक पावसाचा अंदाज तंतोतंत खरा ठरला, तरी जिल्ह्याचा बराचसा भाग कोरडाच राहणार. खात्यानं हे जरा सोप्या भाषेत सांगायला हवं, ही तक्रार मात्र रास्त आहे.

वळवाचा पाऊस असा लहरी का? नांगरून टाकलेली काळी जमीन दिवसभर तापते, पारा चाळिशीपार जातो. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर या दोन्हींकडून बाष्प येतं. वेगवेगळ्या दिशांचे वारे मराठवाड्यावर एकमेकांना भिडले, की ही ओलसर गरम हवा झपाट्यानं वर चढते आणि दुपारी कापसाच्या बोंडाएवढा दिसणारा ढग संध्याकाळपर्यंत बारा-पंधरा किलोमीटर उंच होतो. पण त्याचा विस्तार काही किलोमीटरचाच आणि आयुष्य तासाभराचं. तो मंठ्यावर रिता झाला तर परतूरच्या वाट्याला फक्त गार वारा येतो.

त्या वाऱ्याला 'फक्त' म्हणणं मात्र चुकीचंच. ढगातून पडणारे थेंब खालच्या कोरड्या हवेत विरतात, ती हवा थंड आणि जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चौफेर पसरते. वादळवारं सुटतं ते असं, पावसाच्या आधी. जालन्याचं वळवातलं नुकसान बहुतेक या वाऱ्यानंच होतं. घरावरचे पत्रे जातात, बीजोत्पादनासाठी उभारलेली शेडनेट फाटतात. भौगोलिक मानांकन मिळालेल्या जालन्याच्या मोसंबीचा आंबे बहार या दिवसांत झाडावर असतो. त्याची हिरवी फळं एका झटक्यात बुडाशी पडतात.

गारांचं गणित थोडं निराळं. मे महिन्यात शून्य अंशाची पातळी जमिनीपासून बरीच वर असते, त्यामुळे गारा खाली येईतो पुष्कळदा वितळतात. हिवाळ्याच्या शेवटी ही पातळी खाली असते. 11 फेब्रुवारी 2018 रोजी जालना, मंठा आणि जाफराबाद तालुक्यांना गारपिटीनं झोडपलं, जिल्ह्यात माणसंही दगावली, ते याच ऋतुमानात.

विजेचा धोका मात्र वळवात मोठा असतो आणि तो पाऊस पडण्याची वाट पाहत नाही. ढग अजून लांब आहे म्हणून हातातली पाळी पुरी करणारे, थेंब सुरू होताच बांधावरच्या लिंबाखाली उभे राहणारे, हेच तिच्या तावडीत सापडतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. आकडा तिसाच्या आत आला, की औत सोडून पक्क्या घरात जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथंच थांबायचं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपासच्या 20 ते 40 किलोमीटरमधल्या विजांची सूचना देतं. सकाळचा अंदाज जिल्ह्याचा असतो. दुपारनंतर खात्याचा तीन तासांचा तातडीचा इशारा पाहिलेला बरा. विजेनं माणूस दगावला तर सरकार वारसाला 4 लाख रुपये देतं, पण खरीप तोंडावर असताना घरातला कर्ता जाणं त्यानं भरून निघत नाही.

वळवाचा आणखी एक फटका उशिरा कळतो. 2025 चा मे देशात 1901 पासूनचा सर्वांत ओला ठरला. मोसमी पाऊस 24 मे रोजी केरळात पोचला, दुसऱ्याच दिवशी सिंधुदुर्गात. मराठवाड्यातही रानं ओली झाली आणि रोहिणीतच तिफणी बाहेर काढण्याची घाई सुरू झाली. मग मोसमी वारे थबकले आणि जूनच्या मध्यापर्यंत त्यांनी राज्यात पाऊल पुढं टाकलं नाही. पेरणीची घाई करू नका, असं कृषी विभागाला पुन्हापुन्हा सांगावं लागलं. वळवाची ओल वरच्या थरातली असते. चार दिवस कडक ऊन पडलं, की कोंब करपतो आणि दुबार पेरणीचं बियाणं उसनवारीवर आणावं लागतं.

म्हणून आपल्या महसूल मंडळाच्या पावसाची रोजची नोंद लिहून ठेवावी. शेजारच्या मंडळातला पाऊस आपल्या रानाच्या कामाचा नाही. बेरीज 75 ते 100 मिलिमीटरवर जाऊन ओल खोलवर उतरेपर्यंत सोयाबीनची पिशवी फोडू नये.