सेल्टिकचे दोन दिवस

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात आयरिश गरिबांच्या मुलांना दोन घास मिळावेत म्हणून मारिस्ट संघाच्या ब्रदर वॉलफ्रिड यांनी १८८७ साली सेल्टिक हा फुटबॉल क्लब काढला. २५ मे १९६७ रोजी त्याने लिस्बन येथे इंटर मिलानचा २-१ असा पराभव करून युरोपियन चषक जिंकला. सारे खेळाडू ग्लासगोच्या तीस मैलांच्या परिसरात जन्मलेले! चाहत्यांच्या घरोघरी ही कथा आजही रंगते.

आम्हांस मात्र त्यांच्या दुःखाचाच दिवस अधिक आठवतो. ५ सप्टेंबर १९३१ रोजी रेंजर्सच्या मैदानावर चेंडू अडविण्यास झेपावलेला सेल्टिकचा गोलरक्षक जॉन थॉमसन सॅम इंग्लिशच्या गुडघ्यावर आदळला. प्रथम रेंजर्सच्या काही चाहत्यांनी हुर्यो केली. त्यांचाच कर्णधार मिकलजॉन याने खूण करून त्यांना गप्प केले. बावीस वर्षांचा थॉमसन त्याच रात्री वारला. तो प्रोटेस्टंट होता. सेल्टिकचे चाहते बहुतांशी कॅथलिक. तरी त्याच्या अंत्ययात्रेसाठी, गाडीभाडे नसलेले कित्येक बेकार चाहते कार्डेन्डन या खाणगावापर्यंत सुमारे पंचावन्न मैल पायी गेले आणि वाटेत डोंगरावर उघड्यावरच निजले.

आणि तो बिचारा इंग्लिश? चौकशीत हा अपघातच ठरला. पण मैदानोमैदानी प्रेक्षक त्याला हिणवीत राहिले. १९३८ साली, तिशीही गाठली नव्हती तोच, त्याने खेळ सोडला.