राजे बदलले, वतन राहिलं

हिंगोलीतल्या फौजेचा पगार थकला म्हणून निजामाच्या हातून वऱ्हाड गेलं, हे ऐकायला थाप वाटते. पण १८५३च्या तहाचं सार तेच. हैदराबाद कंटिन्जंट ही निजामाच्या खर्चानं चालणारी, इंग्रज अधिकाऱ्यांची फौज, आणि तिची एक छावणी हिंगोलीत. देणं फिटेना, तेव्हा वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवलं गेलं. पैनगंगेपलीकडचं वाशीम कंपनी सरकारचं झालं, अलीकडचं कनेरगाव निजामाचंच राहिलं.

दोन्ही काठांवरचे देशमुख, पाटील मात्र होते तिथंच होते. आयर्लंडमध्ये याच्या उलट घडलं. तिथं १६५०च्या दशकात इंग्रज सेनानी क्रॉमवेलनं जुन्या मालकांच्या जमिनी काढून घेऊन इंग्रजांना वाटल्या आणि जमीनदार घराणी जेत्यांबरोबर आली. आपल्याकडे बहमनी गेले, अहमदनगरची निजामशाही बुडाली, मोगल आले, तरी प्रत्येक नव्या राजाला परगण्याच्या देशमुखाची गरज पडे. कुठल्या गावाचा किती वसूल, कुठलं शेत कोण कसतं, हे त्यालाच ठाऊक. मग जुन्या वतनाला नवी सनद मिळे.

या मुलखात माहूरच्या उदाराम या देशमुख घराण्याची कथा तर थक्क करणारी. नवऱ्यामागे सावित्रीबाईनं स्वतः फौज चालवली आणि औरंगजेबाकडून ‘रायबागन’ हा किताब मिळवला. २ फेब्रुवारी १६६१ला शिवाजी महाराजांनी उंबरखिंडीत मोगल सरदार कारतलबखानाला कोंडलं, तेव्हा तीही त्या फौजेत होती. शरण जाऊन वाट मागावी, हा सल्ला तिचाच. खंडणी भरून फौज सुटली. शहाणी बाई!

आयर्लंडमध्ये इस्टेट बहुधा थोरल्या मुलाकडे अखंड जाई. इथं शेत भावाभावांत वाटलं जाई, पण वडीलकी कशी वाटणार? पोळ्याला पहिला बैल कोणाचा, होळीची पहिली पोळी कोणाची, पहिला विडा कोणाला, यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालत. गोतसभा बसे, साक्षी होत, निवाड्याचा महजर लिहिला जाई. पुरावा तुल्यबळ निघाला तर दिव्य! उकळत्या तेलातून धातूचा रवा हातानं काढायचा. मग हात पिशवीत बांधून मोहर करत आणि काही दिवसांनी उघडून बघत. हात निर्दोष निघाला तर वतन खरं. जमिनीच्या तुकड्यासाठी नव्हे, मानासाठी माणसं हात पोळायला तयार होत, याचं मला नवल वाटत राहतं.

शेवट मात्र कोरडा झाला. निजामाचा दिवाण सालारजंग यानं १८६५च्या जिल्हाबंदीत वसुली सरकारी नोकरांकडे दिली आणि देशमुखांना रुसूम म्हणून हक्काची रोख रक्कम तेवढी उरली. १९४९ साली हैदराबाद संस्थानातल्या जहागिरी एका कायद्यानं संपल्या.

तुमच्या वाड्याच्या माळ्यावर मोडीतली गुंडाळी असेल, तर ती रद्दीत घालू नका. जाणत्याकडून वाचून घ्या. एखादा महजर निघायचा.