वाकळीतली हवा, साडीतलं पॉलिएस्टर

अक्कलकोटहून दुधनीकडे जाताना मैंदर्गी लागते. कर्नाटकाची हद्द इथून जवळ, त्यामुळे एकाच गल्लीत मराठी घरात वाकळ अंथरली जाते आणि कन्नड घरात कौदी. वस्तू तीच. विरलेली लुगडी, धोतरं, फाटकी चादर असे थर एकावर एक अंथरायचे, मधे चिंध्या सारख्या पसरायच्या आणि जाड सुईनं धावदोरा घालत कडेपासून आत आत चौकोनी फेऱ्या मारायच्या. हे काम उन्हाळ्यातलं. शेतात फारसं काही नसतं आणि धुतलेलं कापड तासाभरात कडक वाळतं.

वाकळीला गरिबीची खूण समजण्याची सवय आपण सोडलेली बरी. कापडाचा पुनर्वापर म्हणून वाकळीचं तंत्र आजच्या बहुतेक कारखान्यांपेक्षा सरस आहे.

ऊब कापडातून येत नाही. ती अडकलेल्या हवेतून येते. स्थिर हवा उष्णता फार सावकाश वाहून नेते, घट्ट दाबलेला कापूस तिच्या कितीतरी पट भराभर. अट एवढीच, की हवा हलता कामा नये. दोन थरांमधली फट अगदी बारीक असली की हवेला त्यात फिरायला जागाच उरत नाही. वर्षानुवर्षं धुतलेल्या सुती कापडाची खळ गेलेली असते, तंतूंची टोकं सुटून त्यावर लव आलेली असते. ही लव हवा धरून ठेवते. नव्या कोऱ्या, गुळगुळीत कापडापेक्षा जुनं लुगडं इथं जास्त उपयोगी ठरतं ते यामुळे.

टाक्यांचं गणित मात्र नाजूक. टाका पडतो तिथे थर दाबले जातात, हवा निघून जाते आणि त्या रेषेतून उष्णता बाहेर पडते. टाके फार दाट घातले तर वाकळ टिकते पण ऊब कमी देते. फार विरळ घातले तर धुताना आतल्या चिंध्या एका कोपऱ्यात गोळा होतात. शिवणाऱ्या बाईची बोटं या दोहोंमधलं अंतर मोजपट्टीशिवाय साधतात.

विरलेलं कापड एकेरी असताना बोट लागलं तरी फाटतं. मग थरांत ते वर्षानुवर्षं कसं टिकतं? प्लायवूडसारखं. एका थरातली चीर दुसऱ्यात जात नाही आणि ताण सगळ्या थरांत, टाक्याटाक्यांत वाटला जातो. शिवाय सुती तंतू ओला झाला की कमकुवत होत नाही, उलट थोडा बळकट होतो. म्हणून पाणी पिऊन जड झालेली वाकळ दगडावर आपटून धुता येते.

कारखान्यात याच्या नेमकं उलट घडतं. जुनं कापड दातेरी रुळांनी पिंजून त्याचा पुन्हा कापूस करतात. या ओढाताणीत तंतू तुटून आखूड होतात, आखूड तंतूंचं सूत कच्चं निघतं, मग त्यात नवा कापूस किंवा कृत्रिम तंतू मिसळावा लागतो. पानिपतमध्ये जगभरच्या टाकाऊ कपड्यांपासून अशा सुताची ब्लँकेटं होतात, आणि ते काम मोलाचंच आहे. पण एलेन मॅकआर्थर फाउंडेशनच्या 2017 च्या अहवालानुसार कपड्यांसाठी वापरलेल्या कच्च्या मालापैकी 1 टक्क्याहूनही कमी माल पुन्हा कपड्यांत येतो. वाकळीत तंतू तुटतच नाही, म्हणून नवा कापूस मिसळावा लागत नाही, हा तिचा खरा फायदा. एक किलो कापसामागे जगात सरासरी सुमारे 10 हजार लिटर पाणी लागतं, त्यात पावसाचंही आलं. सोलापूरसारख्या कमी पावसाच्या जिल्ह्यात हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

जरीचं लुगडं मात्र वाकळीत जात नसे, ते बोहारणीकडे जाई, आणि त्याची भांडी जास्त मिळत. खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. जर जाळली की रेशीम राख होतं आणि चांदी उरते.

अडचण आता शिवणाऱ्या हातांपेक्षा कापडाची आहे. कपाटातल्या रोजच्या साड्या बहुतेक पॉलिएस्टरच्या. त्या विरत नाहीत, रंग सोडत नाहीत, झटकन वाळतात. बायकांनी त्या पसंत केल्या यात नवल नाही. पण दमट हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या साधारण 8 टक्के ओल सामावून घेतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. झोपेत अंगातून निघणारी वाफ अशा पांघरुणात अंगालाच चिकटते. तो धागा निसरडा असल्यानं थरही सरकतात. आणि सुती वाकळ पार झिजली की तिचं पोतेरं होतं, शेवटी ती उकिरड्यात कुजून माती होते. पॉलिएस्टरचा चुरा मातीत तसाच पडून राहतो.

यावर तोडगा आहे. साडीच्या काठाचा एक धागा ओढून चिमट्यात धरून जाळून पाहा. सुती असेल तर जळक्या कागदाचा वास येऊन मऊ राख पडते. पॉलिएस्टर आक्रसतं आणि त्याची टणक काळी गुठळी होते. दोन्ही दिसलं तर कापड मिश्र. वितळलेला थेंब चटका देतो, म्हणून हात लांब ठेवा. मग सुती कापड वाकळीच्या दोन्ही बाजूंना अंगाशी लावा, मिश्र मधल्या थरात जवळ जवळ टाके घालून बसवा, आणि निव्वळ पॉलिएस्टरच्या पिशव्या शिवा. बाजारच्या ओझ्याला त्या चांगल्या टिकतात.