लालाग्रंथींचा कर्करोग : लक्षणे आणि चेतामार्गे होणारा प्रसार

मानवी शरीरात लालाग्रंथींच्या तीन प्रमुख जोड्या असून तोंड व घसा यांच्या अस्तरात शेकडो सूक्ष्म ग्रंथी विखुरलेल्या असतात. लालाग्रंथींतील सर्वाधिक गाठी कानाखालील कर्णमूल ग्रंथीत उद्भवतात; मात्र त्यांपैकी सुमारे ८० टक्के साध्या असतात. ग्रंथी जितकी लहान, तितकी गाठ मारक असण्याची शक्यता अधिक, असा वैद्यकातील ठोकताळा आहे. त्यामुळे टाळूवरील न दुखणारी लहानशी गाठही दुर्लक्षिण्याजोगी नसते.

मारक गाठसुद्धा आरंभी बहुधा वेदनारहित असते. तिचा फसवेपणा यातच आहे. गाठ घट्ट होणे, त्वचेस चिकटणे, मानेतील लसीका ग्रंथी सुजणे ही चिन्हे पुढे दिसतात. यांहून बोलकी असतात ती चेताबाधेची लक्षणे. चेहऱ्याच्या स्नायूंना चालना देणारी फेशियल चेता कर्णमूल ग्रंथीतूनच जाते. गाठीसोबत चेहऱ्याची ती बाजू लुळी पडल्यास मारकतेचा संशय बळावतो. बेल्स पाल्सी हा सर्वपरिचित विकार दोन-तीन दिवसांत पूर्ण रूप घेतो आणि बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरतो. आठवड्यागणिक वाढत जाणारा लुळेपणा त्याच नावाखाली खपवला, तर उपचाराचा मोलाचा काळ हातचा जातो. गाल, ओठ वा जीभ बधिर होणे हेही असेच लक्षण. ते पुष्कळदा दातांच्या दुखण्यात जमा केले जाते.

चेतामार्गे प्रसाराचे ठळक उदाहरण म्हणजे ॲडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा. याच्या पेशी चेतेच्या आवरणात शिरतात आणि ट्रायजेमिनल चेतेच्या शाखांलगत सरकत कवटीच्या तळाशी असलेल्या छिद्रांपर्यंत पोहोचू शकतात. चेता ही येथे निव्वळ वाट नसते. चेता व अर्बुदपेशी रासायनिक संदेशांद्वारे परस्परांच्या वाढीस हातभार लावतात, असे दिसून आले आहे. हाताला लागणारी गाठ संपते तेथे रोग संपतोच असे नाही. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी एमआरआय चाचणीने चेतामार्ग तपासतात आणि शस्त्रक्रियेनंतर बहुधा किरणोपचार देतात. कार्यक्षम व गाठीपासून मोकळी असलेली फेशियल चेता शस्त्रवैद्य जपतात. ती रोगग्रस्त असल्यास बाधित भाग काढून पायातील वा मानेतील चेतेचा तुकडा जोडता येतो.

हा कर्करोग संथ असला तरी चिवट आहे. उपचारानंतर १०-१५ वर्षांनीही तो मूळ जागी किंवा फुप्फुसांत प्रकटतो. पाच वर्षे निर्धोक गेली म्हणजे रोग बरा झाला, हा रूढ निकष येथे अपुरा ठरतो. रुग्णाची नियमित तपासणी त्यानंतरही अनेक वर्षे चालू ठेवावी लागते.