विज्ञानाचा पहिला धडा

रत्नागिरीच्या दक्षिणेस काजळी नदी समुद्राला मिळते. त्या मुखापलीकडे भाट्ये हे गाव आहे. एका बाजूस खाडी, दुसरीकडे सुरूचे बन व लांबलचक पुळण, आणि गावातच प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र. विज्ञान शिकवण्यास याहून संपन्न परिसर क्वचितच सापडेल. तरीही अशा गावातील मूल भरती-ओहोटीची व्याख्या पुस्तकातून पाठ करीत असेल, तर दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे. विज्ञान म्हणजे काय याविषयीच्या आपल्या समजुतीचा तो दोष होय.

पहिल्या चार-पाच इयत्तांत मुलाने काय शिकावे? अणू, गुरुत्वाकर्षण हे शब्द त्याला पुढे भेटतीलच. आधी त्याने पाहावे, मोजावे, लिहून ठेवावे आणि ऐकलेले ताडून पाहावे. कोकण किनाऱ्यावर एक जुना आडाखा आहे: तिथीची पाऊणपट करावी, पूर्ण भरतीची अजमासे वेळ मिळते. पंचमीस पावणेचार, अष्टमीस सहा. चौथीच्या वर्गाने सुरक्षित जागी, शिक्षकांच्या देखत, एक खुणेची काठी रोवून पंधरा दिवस नोंदी ठेवल्या, तर आडाखा आणि नोंद यांत अंतर पडलेले दिसेल. आडाख्यात भरती दर तिथीस 45 मिनिटे पुढे सरकते. प्रत्यक्षात ती दररोज सरासरी सुमारे 50 मिनिटे उशिरा येते. शिवाय अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, हेही त्याच वहीत आपोआप उमटेल. वाडवडिलांचे ज्ञान आदराने ऐकावे, पण तपासून घ्यावे, ही वृत्ती कोणत्याही व्याख्येहून मोलाची आहे.

यात एक सामाजिक प्रश्नही गुंतलेला आहे. मासेमाराच्या मुलाला उधाण आणि भांग घरातच कळतात. पाठांतराच्या परीक्षेत या ज्ञानाला किंमत शून्य. उलट, घरी पुस्तके असलेला विद्यार्थी सहज पुढे जातो. निरीक्षणाला गुण मिळाले, तर पहिल्या मुलाचे भांडवल प्रथमच शाळेत चालू लागेल.

खर्चाची सबब येथे टिकत नाही. काठी, वही, बादलीत सोडण्यास एक सोडणासह व एक सोललेला नारळ, एवढ्यावर कित्येक तास निघतील. टंचाई आहे ती शिक्षकाच्या वेळेची. दोन-तीन इयत्ता एकट्याने सांभाळणाऱ्या गुरुजींकडून हे मागताना त्यांच्यावरील कागदी कामांचा भार उतरवावाच लागेल.

मार्ग अगदी नवा नाही. मध्य प्रदेशात 1972 साली 16 शाळांतून होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. वरच्या प्राथमिक वर्गांतील मुले तेथे प्रयोगांतून शिकत होती आणि परीक्षेतही पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती. 2002 साली राज्य सरकारने तो बंद केला. चांगली पद्धतही शासनाच्या पाठिंब्यावाचून तगत नाही, हा त्यातील धडा. महाराष्ट्राच्या शाळांना ‘परिसर अभ्यास’ हे विषयाचे नाव अनेक वर्षे परिचित आहे. नाव योग्यच आहे. उणीव आहे ती परिसराची. खाडी शाळेत आणता येत नाही, तेव्हा शाळेनेच खाडीपर्यंत चालत जावे.